पांढरी भिंत लाल रंगवताना

पावसाळ्यात आमच्या गास गावातल्या घरांच्या भिंती पांढऱ्या राहत नाहीत. जुलैतल्या दुपारी पावसाने जरा उघडीप दिली, की मागच्या दारी उभं राहून माजघरात बघा. वाडीतल्या केळीच्या पानांवरून उलटलेला उजेड खिडकीतून आत येतो आणि चुन्याच्या भिंतीवर फिकट पोपटी होऊन बसतो. पितळेच्या हंड्यावर तोच उजेड हळदीसारखा होतो. आणि दोरीवर आजीचं लाल लुगडं वाळत असेल, तर त्या पोपटीशेजारी त्याचा लाल नेहमीपेक्षा दुप्पट पेटलेला दिसतो. लुगडं तेच, घर तेच, पण रंग मात्र रोजचे नाहीत.

मी चित्रकला शिकवते. रविवारची मिस्सा आटोपून माझ्याकडे काही कॉलेजची मुलं येतात, काही घर सांभाळून चित्र काढू पाहणाऱ्या बाया येतात, एकदोन निवृत्त गृहस्थही येतात. त्या सगळ्यांना मी पहिलं काम देते ते आपल्या घरातली एक खोली रंगवण्याचं. पहिल्या खेपेला बहुतेक चित्रं सारखीच येतात. भिंत मळकट पांढरी, फरशी करडी, दार तपकिरी. रेघा सरळ असतात, खुर्चीचे पाय मोजून काढलेले असतात, पण त्या खोलीत कुणी राहतं असं वाटत नाही. मी म्हणते, भिंतीला एक जोरकस रंग देऊन बघा. त्यावर प्रश्न ठरलेला असतो : “बाई, भिंत तर पांढरी आहे. लाल रंगवली तर खोटं नाही का होणार?”

हा प्रश्न प्रामाणिक आहे, आणि त्याचं उत्तर शोधायला लांब जावं लागत नाही. आपल्याच पालघर जिल्ह्यात, डहाणू-तलासरीकडच्या पाड्यांवर, वारली घरातली लग्नाची भिंत बघा. कारवीच्या कुडाला शेणमाती लिंपायची, वर गेरू चढवायचा आणि तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्याने चौक लिहायचा. त्या चौकात पालघट देवी असते, भोवती झाडं, माणसं, पक्षी. रंग दोनच. झाड हिरवं नाही, आकाश निळं नाही, माणसाला कातडीचा रंग नाही. तरी ते जग अपुरं आहे असं कुणाला वाटलेलं नाही. सवाशिणींनी पिढ्यान्‌पिढ्या जे घरात लिहिलं, ते वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांनी 1970च्या दशकात कागदावर आणि कापडावर आणलं. भास्कर कुलकर्णी या मराठी चित्रकाराने त्यांना त्यासाठी हाताशी धरलं होतं. 2011मध्ये मशे यांना पद्मश्री मिळाली. जाळं टाकणारा कोळी, भाताची मळणी, तारपा नाच हे सगळं त्यांनी त्याच दोन रंगांत पेललं.

आता दुसरी भिंत. 1911 साली पॅरिसजवळ आन्री मातीस या चित्रकाराने आपल्या कामाच्या खोलीचं चित्र केलं. ‘लाल स्टुडिओ’ म्हणून ते ओळखलं जातं. जवळजवळ सहा फूट उंच आणि सात फूट रुंद. त्याची खोली लाल नव्हती, आणि आधी त्याने चित्रातही ती लाल केली नव्हती : भिंती निळ्या, जमीन गुलाबी, सामान पिवळट. मग कधीतरी त्याने ठरवलं आणि भिंत, जमीन, टेबल, खुर्ची, सगळ्यांवरून एकच लाल फिरवला. सुटली ती फक्त भिंतीला टेकवलेली त्याची चित्रं, शिल्पं, टेबलावरची थाळी, फुलदाणीतली वेल अशा मोजक्या वस्तू. टेबलाच्या आणि खुर्चीच्या कडा त्याने वरून काढलेल्या नाहीत. लाल लावताना त्याने तेवढ्या रेघा उघड्या ठेवल्या. आज आपल्याला फिकट पिवळ्या दिसणाऱ्या त्या रेघा म्हणजे खालच्या थराचा मागे राहिलेला रंग. मधोमध एक उभं घड्याळ आहे, त्याला काटे नाहीत.

हे चित्र मला का जवळचं वाटतं ते सांगते. त्यातला लाल ज्या जातीचा आहे त्याला ‘व्हेनेशियन रेड’ म्हणतात. तो लोहाच्या गंजाचा लाल, म्हणजे आपल्या गेरूचाच सख्खा भाऊ. डहाणूच्या झोपडीतली भिंत आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयातलं हे चित्र, दोन्हीकडे लाल जमिनीवर फिकट रेघांनी घर उभं राहिलंय. दोघांनी एकमेकांना पाहिलेलं नाही. पण एकाच रंगाला घरभर सत्ता द्यायची आणि बाकीच्यांना थोडक्यात बोलायला लावायचं, ही रीत दोघांचीही. ठळक रंग वापरायचा म्हणजे खूप रंग वापरायचे, हा सर्वांत मोठा गैरसमज आहे. दहा ट्यूब उघडल्या की चित्र जत्रेतल्या दुकानासारखं होतं : सगळे ओरडतात, ऐकू कुणाचंच येत नाही. जोर येतो तो एकाची निवड करून बाकीच्यांना मागे ठेवल्याने.

मग तो एक रंग निवडायचा कसा? ब्रश हातात घेण्याआधी त्या खोलीत नुसतं बसा. सकाळी एकदा, भर दुपारी एकदा, संध्याकाळी रोजरीच्या प्रार्थनेच्या वेळी एकदा. वहीत दोन-तीन वाक्यं लिहा : ही खोली मला काय आहे? इथे कोण आजारी होतं, इथे कुणाची वाट पाहिली, इथे कशाचा वास येतो? हे लिहिलं की रंग बहुधा आपणहून येतो. आणि त्याला नाव आपल्या भाषेतलं द्या. दुकानातल्या पुस्तिकेवरची नावं डोळ्यांसमोर काही आणत नाहीत. आमसुली म्हटलं की सोलकढीच्या भांड्याचा तळ दिसतो. डाळिंबी, अंजिरी, अबोली, मोरपिशी, शेंदरी, गुलबक्षी, विटकरी, प्रत्येक नावामागे एक वस्तू आहे, तिचा स्पर्श आहे. माझ्या एका विद्यार्थिनीने आजोबांच्या खोलीला सुकेळीचा रंग दिला. निर्मळच्या जत्रेत मिळणारी ती उन्हात वाळवलेली केळी तुम्ही उजेडात धरून पाहिली असतील, तर मधाळ तपकिरी म्हणजे काय ते कळेल. भिंत, जमीन, छत सगळं तोच रंग, आणि खाटेवर एक निळी चादर. आजोबा चित्रात नव्हते. ते नसल्याचं मात्र बघताक्षणी कळत होतं.

रंग ठरला की दुसरं काम थोडं रुक्ष आहे, पण ते टाळू नका. ठळक रंगाची चित्रं फसतात ती बहुतेक वेळा रंगामुळे नाही, उजळ-गडदाचं गणित चुकल्यामुळे. लाल आणि हिरवा एकमेकांशेजारी ठेवले की फार झगमगतात असं वाटतं. पण दोन्ही सारखेच गडद असतील, तर थोड्या अंतरावरून वस्तू भिंतीत बुडून जाते. म्हणून आधी वहीत पेन्सिलीने हातभर लांबून दिसेल असं छोटं चित्र काढा, फक्त तीन पट्ट्यांत : उजळ, मधला, काळपट. डोळे किलकिले करून खोलीकडे बघितलं की या तीन पट्ट्या आपोआप वेगळ्या होतात. पुढे रंगवतानाही मधूनमधून मोबाइलवर फोटो काढून तो काळा-पांढरा करून बघत जा. मोबाइलचा इतका चांगला उपयोग चित्रकाराला दुसरा नाही. हेही लक्षात असू द्या, की पिवळा कितीही दाट लावला तरी उजळच राहतो, आणि अल्ट्रामरीन निळा ट्यूबमधून थेट लावला तर जवळजवळ काळाच दिसतो. त्यामुळे रात्रीची खोली निळी करणं सोपं, दुपारची निळी करायची तर पांढऱ्याशी बरीच झटापट करावी लागते.

प्रमाणाबद्दल माझी एक सवय सांगते. नियम म्हणून घेऊ नका. चित्राचे दहा भाग केले तर सहा-सात भाग मुख्य रंगाला, दोन-तीन भाग त्याच्या जवळच्या छटांना, आणि जेमतेम एक भाग विरोधी रंगाला. लालाच्या घरात हिरवं असावं ते खिडकीतून दिसणाऱ्या पानवेलीच्या पानाएवढं. ते थोडं असतं म्हणूनच लाल अधिक लाल होतो.

आता प्रत्यक्ष काम. कॅनव्हास सोळा बाय वीस इंचांचा घ्या. फार लहान घेतला तर रंगाला पसरायला जागा मिळत नाही. अॅक्रिलिक रंग घेतलेले बरे, लवकर वाळतात आणि चूक झाकता येते. 1931 साली दांडेकरांनी सुरू केलेल्या कॅम्लिनचे रंग आपल्याकडे कोणत्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळतात, सुरुवातीला ते पुरेसे आहेत. कॅनव्हासवर पांढरं प्रायमर असतंच, त्या पांढऱ्यावर लगेच काम करू नका. यलो ऑकर, म्हणजे पिवळी माती, पाण्यात पातळ करून सगळीकडे एक हात फिरवा आणि वाळू द्या. पांढऱ्याची भीती जाते. मग त्यावर खोली रेखाटा, आणि आधी सामान रंगवा : खाट, कपाट, दाराची चौकट, हंडा, भिंतीवरच्या तसबिरी. मुख्य रंग शेवटी आणा, आणि तो वस्तूंच्या कडेपर्यंत नेताना सुतळीच्या जाडीची फट सोडा. तीच तुमची रेघ. खालचा पिवळा तिथून डोकावेल. हात थरथरला तरी चालेल, फट कमीजास्त झाली की रेघ जिवंत होते. वरून ब्रशने काढलेली काळी कड मात्र काढू नका, तिने रंगाचा गळा आवळला जातो.

सगळे लाल सारखे झाकत नाहीत, हेही इथेच सांगते. गेरूच्या जातीचे, म्हणजे लोहाचे लाल, एकदोन हातांत खालचं सगळं झाकतात. चटकदार दिसणारे बरेच लाल पारदर्शक असतात, ते तीन हात देऊनही खालचा रंग दाखवतात. त्यांचा उपयोगही आहे, कारण पिवळ्यावर चढवले की आतून दिवा लावल्यासारखे उजळतात. पण हे आधी माहीत असलं पाहिजे. रंग मंद करायचा असेल तर काळा घालू नका. लालात चिमूटभर हिरवा, निळ्यात चिमूटभर नारिंगी घाला. असा मंद झालेला रंग त्याच घरातला वाटतो, काळ्याने मारलेला रंग पाहुण्यासारखा वेगळा पडतो. आणि थॅलो निळा हाताळताना जपून. ब्रशच्या टोकाएवढा पुरतो, जास्त झाला तर सगळा पॅलेट गिळतो.

ट्यूबच्या मागे बारीक अक्षरांत एक खूण छापलेली असते : पी.आर. म्हणजे लाल, पी.वाय. म्हणजे पिवळा, पी.बी. म्हणजे निळा, आणि पुढे आकडा. तो आकडा वाचायची सवय लावा. पी.आर. 108 हा कॅडमियम लाल, टिकाऊ पण महाग. पी.आर. 83 म्हणजे अॅलिझरिन क्रिमसन; डाळिंबी, मोहक, आणि उजेडात उडणारा. लोहाचे लाल आणि पिवळी माती हजारो वर्षं जात नाहीत, गुहेतल्या चित्रांत ते अजून आहेत. मी शिकत असताना एक सुंदर गुलाबी ट्यूब घेतली होती, खूण न वाचता. आईच्या खोलीचं चित्र त्यात केलं आणि पश्चिमेच्या खिडकीसमोर टांगलं. दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत भिंत राखाडी झाली. चित्रातली आई तेवढी राहिली, खोली गेली. अजूनही त्या चित्राकडे बघवत नाही. म्हणून नवा रंग आणला की आता मी एका कागदावर त्याची पट्टी ओढते, अर्धी पट्टी जाड पुठ्ठ्याने झाकते आणि एप्रिल-मे दोन महिने खिडकीच्या काचेला चिकटवून ठेवते. पुठ्ठा काढला की दोन्ही अर्ध्यांतला फरक खरं काय ते सांगतो.

व्हॅन गॉगसारख्यालाही हे चुकलेलं नाही. 1888च्या ऑक्टोबरमध्ये त्याने आर्ल गावातली आपली झोपायची खोली रंगवली. भावाला लिहिलेल्या पत्रात त्याने एकेक रंग सांगितलाय : भिंती फिकट जांभळ्या, पलंग ताज्या लोण्यासारखा पिवळा, पांघरूण लालभडक. त्या रंगांनी बघणाऱ्याला विसावा मिळावा एवढीच त्याची इच्छा होती. आज त्या भिंती निळ्या दिसतात, कारण जांभळ्यातला लाल उडून गेला. आपण जे निळं घर बघतो ते त्याने रंगवलेलं नाही. त्याच्या आदल्या महिन्यात त्याने रात्रीच्या कॅफेचं चित्र केलं होतं, लाल आणि हिरवा समोरासमोर उभे करून. माणसाच्या मनातले भयानक विकार त्यातून दाखवायचे होते. एकाच माणसाने दोन खोल्या दोन महिन्यांत रंगवल्या, एक निजवणारी, एक झोप उडवणारी, आणि दोन्ही वेळा तो रंगावरच विसंबला. ज्यांना भिंत लाल करणं खोटं वाटतं त्यांनी ही दोन चित्रं शेजारी ठेवून बघावीत.

सगळी खोली एका रंगात गेली की खोलपणा जाईल का, ही भीती अनेकांना वाटते. थोडा जाईल, जाऊ द्या. पण खोली अगदीच कागदासारखी सपाट होऊ नये म्हणून एखादी वस्तू तिरकी ठेवा. मातीसच्या चित्रात भिंतींचा कोपरा जवळजवळ पुसला गेलाय, तरी पुढच्या टेबलाच्या आणि खुर्चीच्या तिरक्या कडांनी आपल्याला आत नेलंय. तुमच्याकडे ओटीवरचा बाक असेल, माजघरातली खाट असेल, शहाबादी फरशीच्या सांध्यांच्या रेघा असतील. एवढ्यावर भागतं. दारातून पलीकडची पडवी दिसत असेल तर ती मुख्य रंगाच्या उजळ छटेत ठेवा. डोळा तिकडे चालत जातो.

आणखी एक गोष्ट, जी मला उशिरा समजली. रेखाटन खोलीत बसून करा, रंगवायला मात्र दुसरीकडे बसा. समोर खोली असली की डोळा पुन्हा पांढरी भिंत दाखवू लागतो आणि हात कच खातो. हॉवर्ड हॉजकिन हा इंग्रज चित्रकार 1964पासून वर्षानुवर्षं भारतात येत राहिला, मुंबईत राहिला. तो खोल्या रंगवायचा, पण आठवणीतल्या : कुणाच्या घरी जेवलो, कुणाशी बोलत बसलो, ती वेळ. लाकडी फळीवर मोठमोठे हात मारून, चौकटीवरूनही रंग पुढे नेऊन. त्यात खुर्ची सापडेलच असं नाही, पण तिथली हवा सापडते. रंगवताना उजेड दिवसाचाच असू द्या, शक्यतो उत्तरेच्या खिडकीचा. पांढऱ्या ट्यूबलाइटखाली मिसळलेला लाल सकाळी बघितला की वेगळाच निघतो.

पुस्तकातल्या आणि मोबाइलवरच्या चित्रांत रंग खरा कळत नाही. नालासोपाऱ्याहून चर्चगेटची लोकल पकडा, उतरून काळा घोड्यापर्यंत चालत जा. जहांगीर कला दालन 1952पासून तिथे आहे, जवळच राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. प्रभाकर कोलते यांचं चित्र कुठे लागलेलं दिसलं तर वेळ काढून थांबा. जे. जे. स्कूलमध्ये त्यांनी वीसहून अधिक वर्षं शिकवलं. एका रंगाचं मोठं मैदान पसरायचं आणि त्यात मोजके आकार असे सोडायचे, की ते त्या रंगाखालून वर येताहेत असं वाटावं, हे त्यांच्या चित्रांत नीट बघता येतं. आधी दहा पावलं लांबून बघा, मग अगदी जवळ जाऊन कडा बघा. लांबून जो एकसंध लाल वाटतो त्यात जवळून चार-पाच लाल सापडतात.

आपल्या हवेचंही सांगायला हवं. समुद्र जवळ, बावखलं म्हणजे आमच्याकडची तळी जवळ, त्यामुळे जून ते सप्टेंबर भिंतींना ओल असते आणि कॅनव्हासच्या मागून बुरशी धरते. पूर्ण झालेलं चित्र भिंतीला घट्ट चिकटवून लावू नका. मागे चारी कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावले की हवा खेळते. वार्निश पावसाळ्यात अजिबात करू नका, दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत करा. उन्हाळ्यात उलटी अडचण, अॅक्रिलिक पॅलेटवरच वाळून जातं. स्टीलच्या डब्यात ओला फडका, त्यावर बटर पेपर आणि त्यावर रंग ठेवले, झाकण लावलं, की दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात. अॅक्रिलिक वाळल्यावर थोडं गडद होतं, म्हणून मिसळताना मनातल्यापेक्षा एक पायरी उजळ ठेवा.

आमच्या गावातल्या बऱ्याच घरांत माजघराच्या भिंतीवर येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर असते आणि तिच्याखाली लाल रंगाचा छोटा दिवा. तुमच्या खोलीत तो असेल आणि भिंत तुम्ही लालच करायची ठरवली असेल, तर अडचण होणार : लालात लाल दिसायचा कसा? तेवढी जागा कोरी सोडा, खालचा पिवळा तसाच राहू द्या. बाकी चित्र पुरं करून वाळू द्या. मग संध्याकाळी, घरातले सगळे रोजरीला बसले आणि बाहेरचा उजेड गेला, की चित्र हातात न घेता त्या दिव्याकडे थोडा वेळ बघा. मधोमध तो जवळजवळ पांढरा असतो, त्याभोवती पिवळट कडं, आणि लाल असतो तो त्याही बाहेर, भिंतीवर सांडलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कोऱ्या जागेत पांढऱ्यात किंचित पिवळा मिसळून एकच ठिपका ठेवा आणि ब्रश धुवून टाका.